निरोपाआधी नोंदणी

लक्ष्मी रस्त्यावरचे कापड दुकान असो, सदाशिव पेठेतला क्लास असो की कोथरूडमधली रक्त तपासणारी लॅब, ग्राहकाला एसएमएस पाठवल्याशिवाय आज कोणाचेच चालत नाही. अशा व्यावसायिकांकडून मला नेहमी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘दोन ओळींच्या निरोपाला एवढी नोंदणीची भानगड कशाला?’

उत्तरासाठी २०२२ साल आठवा. जुने बिल भरलेले दिसत नाही, आज रात्री वीज तोडू, अमुक क्रमांकावर फोन करा, असे खोटे निरोप राज्यभर फिरले. घाबरून फोन करणाऱ्यांची खाती रिकामी झाली. तेव्हा महावितरणने सांगितले की, आमचा निरोप ‘एमएसईडीसीएल’ या नावाने येतो, कोणाच्या खासगी मोबाइलवरून नाही. खरे-खोटे ओळखण्याची खूण ती हीच. ती खूण नोंदणीतून मिळते.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, हिचा पहिला नियम २००७ सालचा. तेव्हा ग्राहकाने ‘मला जाहिराती नकोत’ असे सांगायचे, एवढाच बंदोबस्त होता. २०१८ च्या नियमांनी पाठवणाऱ्यालाच ओळख द्यायला लावली. यासाठी मोबाइल कंपन्यांनी डीएलटी नावाची सामाईक संगणकीय नोंदवही उघडली.

तिच्यात तीन गोष्टी कराव्या लागतात. पॅनसारखी कागदपत्रे देऊन कोणत्याही एका मोबाइल कंपनीच्या पोर्टलवर आपला व्यवसाय नोंदवायचा. मग नाव, म्हणजे हेडर, मंजूर करून घ्यायचे. ते साधारणतः सहा अक्षरांचे असते. तिसरी गोष्ट मजकुराचा साचा. ‘आपला रिपोर्ट तयार आहे, अमुक वाजेपर्यंत घेऊन जावा’ यातला ‘अमुक’ तेवढा बदलता येतो, बाकीचे शब्द मंजूर साच्याप्रमाणेच हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून निरोपातली लिंकही आधी नोंदवावी लागते. काहीही जुळले नाही तर निरोप वाटेतच अडतो.

याचा चटका ८ मार्च २०२१ रोजी सगळ्या देशाला बसला. त्या दिवशी साच्यांची काटेकोर तपासणी सुरू झाली आणि बँकांचे ओटीपीच पोहोचेनात. अनेकांनी साचे नोंदवलेच नव्हते. ट्रायला दुसऱ्याच दिवशी तपासणी सात दिवस थांबवावी लागली.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगळे मोजले जाते. ‘पुणे’ लिहिले की चार जागा गेल्या. निरोप लांबला की एकाऐवजी दोन एसएमएसचे पैसे. तेव्हा साचा मंजुरीला देण्याआधीच मजकूर आटोपशीर करावा.

‘मग मी माझ्या साध्या सिमवरूनच दोनशे जणांना पाठवतो,’ असे काही दुकानदार म्हणतात. तसे करू नये. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या उल्लंघनाला त्या व्यक्तीच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद होते. पुन्हा तेच केले तर सर्व कंपन्यांकडच्या तिच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. ज्या नंबरवर गिऱ्हाईक वर्षानुवर्षे फोन करते, तो गेला तर दुकानाला कुलूप लावल्यासारखेच आहे. हे नियम एसएमएस आणि फोनला लागू आहेत. व्हॉट्सअ‍ॅप त्यात येत नाही, म्हणून तिथे ग्राहकाने जास्तच सावध राहावे.

आता निरोप घेणाऱ्यांसाठी. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर जोडले जाते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेचा किंवा विजेचा निरोप दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला, तर त्यातली लिंक उघडू नका आणि त्यातल्या नंबरवर फोनही करू नका. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत करता येते. नोंदणी नसलेल्या नंबरवरून त्रास होत असेल, तर त्यासाठी आधी ‘जाहिराती नकोत’ असे नोंदवलेले असण्याचीही गरज नाही.

दुकानदाराला ही खटपट त्रासाची वाटते, हे खरे. पण त्याच्या नावाने उद्या कोणी भलताच निरोप पाठवला, तर ‘हा माझा नाही’ हे गिऱ्हाइकाला पटवायला त्याच्याकडे दुसरे साधन नाही.