उंदराच्या डोक्यातला नकाशा

१९१३ साली जॉन वॉटसन यांनी बजावलं की मानसशास्त्राने डोळ्यांना दिसणाऱ्या वर्तनापुरतंच बोलावं. पुढची तीन-चार दशकं अमेरिकेतल्या बहुतेक प्रयोगशाळांनी त्यांचा हा वर्तनवाद मानला. मनात काही प्रतिमा असतात, एखादा आराखडा असतो, असं म्हणणं अशास्त्रीय ठरलं. या वातावरणात बर्कलीच्या एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये लिहिलं की चक्रव्यूहात हिंडणारा उंदीर डोक्यात त्या जागेचा नकाशा तयार करतो.

त्यामागे १९३०चा एक प्रयोग होता. टोलमन आणि होन्झिक यांनी उंदरांचा एक गट पहिल्या दिवसापासून चक्रव्यूहाच्या टोकाशी अन्न ठेवून सोडला. दुसऱ्या गटाला दहा दिवस तिथे काहीच मिळालं नाही. ते उंदीर नुसते भटकत, चुकत. अकराव्या दिवशी त्यांनाही अन्न मिळालं आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका एकदम खाली आल्या; रोज बक्षीस मिळवणाऱ्यांच्या बरोबरीला ते येऊन बसले. बक्षिसाशिवाय शिकणं होत नसेल, तर त्या दहा दिवसांत काय साठत होतं? वर्तनवादाकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं असं मला आजही वाटतं.

पण नकाशा दाखवणार कुठे? ते १९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जमलं. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बारीक विद्युताग्रं बसवली. काही पेशी उंदीर ठरावीक जागी आला की पेटायच्या, तिथून हलला की शांत व्हायच्या. दुसऱ्या जागेला दुसऱ्या पेशी. ओकीफ आणि लिन नेडल यांनी १९७८मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात तत्त्वज्ञ कांटच्या अवकाशविचाराचीही दखल घेतली. प्रयोगशाळेतल्या माणसांनी तत्त्वज्ञानाशी इतक्या आस्थेने बोलावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मनात असं काही असतं का, यावरचा वाद तोवर तापला होताच. तत्त्वज्ञ जेरी फोडर यांनी १९७५ मध्ये विचारालाही स्वतःची भाषा असते असा सिद्धान्त मांडला. मनःप्रतिमा चित्रासारख्या की वाक्यांसारख्या, यावर मानसशास्त्रज्ञ कॉसलिन आणि पायलिशिन वर्षानुवर्षं भांडले. १९९१ मध्ये रॉडनी ब्रुक्स यांनी एमआयटीतले आपले यंत्रमानव पुढे करून सांगितलं की अंतर्गत प्रतिरूपाची, म्हणजे जगाच्या डोक्यातल्या आराखड्याची, गरजच नाही. खाचखळग्यांतून पाय टाकण्यापुरतं ते पटतं. समोर नसलेल्या अन्नाकडे आडवाटेने जाणाऱ्या प्राण्याचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

प्रतिरूप कशाला म्हणायचं, यावर सगळ्यात नेमका मुद्दा तत्त्वज्ञ फ्रेड ड्रेट्स्की यांचा. धूर दिसला की आग असते. पण तेवढ्याने धूर हे आगीचं प्रतिरूप होत नाही. प्रतिरूप चुकू शकलं पाहिजे. या कसोटीवर १९७१चा शोध अपुरा पडतो. उंदीर जागेवर आहे आणि पेशी पेटते, एवढाच तो संबंध.

तो तिढा पुढे थोडाथोडा सुटत गेला. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना दिसलं की जागेपणी एकत्र पेटलेल्या पेशी झोपेतही पुन्हा एकत्र पेटतात. उंदीर तिथे नाही, पण जागा डोक्यात हजर आहे. २००५मध्ये एडवर्ड आणि मे-ब्रिट मोझर यांच्या ट्रॉन्डहाइमच्या गटाला शेजारच्याच भागात जाळीदार रचनेत पेटणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४चं नोबेल त्या दोघांना ओकीफ यांच्यासह मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २००७चं जॉन्सन आणि रेडिश यांचं काम. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थबकतो, मान इकडेतिकडे वळवतो. त्या क्षणी आधी एका वाटेवरच्या पुढच्या जागांच्या पेशी पेटतात, मग दुसऱ्या वाटेवरच्या. हे थबकणं टोलमन यांनी कित्येक वर्षं आधी टिपून ठेवलं होतं.

आणि २०२० मध्ये, त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात, ड्रेट्स्कींची कसोटी उंदरावरच लावली गेली म्हणा ना. पडद्यावरच्या आभासी बोळात छोटे उंदीर धावत होते. बक्षिसाच्या जागी पेटणाऱ्या मोजक्या पेशी संशोधकांनी प्रकाशाच्या झोताने भलत्याच ठिकाणी चेतवल्या. उंदरांनी तिथेच पाणी मिळेल म्हणून चाटायला सुरुवात केली. बक्षीस तिथे नव्हतं. नकाशा चुकवता आला, आणि प्राणी त्या चुकीप्रमाणे वागला.