आजोबांच्या तसबिरी, नातवाची रचना

घरातील जुन्या तसबिरीवर आपला विश्वास एखाद्या अस्सल दस्तऐवजावर असावा तसा असतो. मधोमध खुर्चीवर आजोबा, पाठीमागे हात बांधून उभे असलेले थोरले चिरंजीव, पदर सारखा करून बसलेल्या आजी आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसविलेली मुले, अशी ती मांडणी पाहताना घर असेच होते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः कोणी कोठे बसावे हे छायाचित्रकाराने ठरविलेले असते, मागचा महाल पडद्यावर रंगविलेला असतो, आणि ज्या मुलाशी वडिलांचा अबोला आहे त्यालाही तेवढ्यापुरते शेजारी उभे केलेले असते. एवढेच नव्हे, तर वडील हयात नसल्यास त्यांची जुनी छबी कापून ती आईच्या छबीशेजारी बेमालूम जोडून देण्याचे काम आपल्याकडचे स्टुडिओ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत, आणि भिंतीवर लागलेल्या त्या जोडतसबिरीला घरातल्या कोणीही कधी खोटी म्हटलेले नाही. तेव्हा कौटुंबिक छायाचित्रांची मोडतोड करून त्यांतून नवी कलाकृती घडविणे हा केवळ संगणकाच्या युगाचा उद्योग होय, असे मानण्यास आधार नाही.

युरोपात तर याची सुरुवात फार लवकर झाली. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी याने भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले, आप्तेष्टांच्या छब्या स्वस्त व मुबलक झाल्या, आणि पुढच्याच दशकात इंग्लंडमधील खानदानी स्त्रिया त्यांतील मस्तके कात्रीने कापून स्वतः रंगविलेल्या जलरंगी चित्रांवर चिकटवू लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या हाना ह्योख हिने तीच कात्री वृत्तपत्रांतील छायाचित्रांवर चालविली, आणि एका घरगुती विरंगुळ्यासारखे कसब आधुनिक कलेचे एक तीक्ष्ण साधन झाले.

परंतु एका घराण्याच्या तसबिरींतून किती खोल कलाविचार निघू शकतो याचा दाखला हवा असेल तर तो विवान सुंदरम यांच्या २००१-०२ मधील ‘रिटेक ऑफ अमृता’ या कृष्णधवल चित्रमालेइतका उत्तम दुसरा मला ठाऊक नाही. या चित्रमालेचे मूळ द्रव्य म्हणजे त्यांचे आजोबा सरदार उमरावसिंग शेरगिल मजिठिया (१८७०–१९५४) यांनी काढलेली छायाचित्रे. संस्कृत व फारसीचा हा व्यासंगी पंडित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सुमारे अर्धे शतक कॅमेऱ्यात रमला होता. त्याने सर्वाधिक न्याहाळले ते स्वतःला, कधी पगडी बांधून ग्रंथांच्या सान्निध्यात, कधी योगाभ्यासातील उघड्या देहाने. आणि त्याखालोखाल आपली हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत व दोन कन्या अमृता आणि इंदिरा यांना. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस आणि पुन्हा सिमला असा या कुटुंबाचा सारा प्रवास त्या छायाचित्रांत आहे. थोरली अमृता हीच पुढे थोर चित्रकर्ती झाली. १९३६ च्या अखेरीस तिने अजिंठ्याची लेणी पाहिली आणि तिच्या कुंचल्याची दिशाच पालटली. त्यानंतर १९३७ साली ‘तीन मुली’ या चित्राला मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९४१ च्या डिसेंबरात लाहोर येथे, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिचा अंत झाला.

विवान हे इंदिरेचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९४३ चा; म्हणजे ज्या मावशीची कीर्ती घरभर भरून राहिली होती ती त्यांना भेटली ती चित्रांतून, पत्रांतून आणि आजोबांच्या काचांतून. या चित्रमालेत त्यांनी वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या शहरी घेतलेल्या छब्या संगणकावर एकत्र आणल्या. वृद्ध पिता तरुण मुलीच्या निकट येतो. एकीच्या दोन वयांची परस्परांशी गाठ पडते. आरसा तर वारंवार येतो, आणि समोर उभ्या असलेल्या व्यक्तीऐवजी दुसऱ्याच काळातील माणूस त्यात उमटतो. ही आरशाची योजना नातवाने बाहेरून आणलेली नाही. आजोबांच्या मूळ छायाचित्रांतही आरसे आहेत, वेषांतरे आहेत, स्वतःचीच प्रतिमा पुनःपुन्हा रचण्याची अनिवार ओढ आहे. अमृतेच्या आत्मचित्रांतही तीच ओढ दिसते. विवान यांच्या रचना मला पटतात त्या यामुळे, की त्यांनी त्या घरावर परका विचार लादला नाही, तर घरातच रुजलेली खोड पुढच्या पिढीत चालविली.

कारागिरीच्या दृष्टीने हे काम दिसते तितके सोपे नाही. या जातीच्या जोडकामाचा कस लागतो तो उजेडात. समजा, एक छबी डावीकडच्या खिडकीच्या प्रकाशात घेतलेली आहे आणि दुसरी उजवीकडच्या. दोघांना एका सोफ्यावर बसविताच नाकांच्या सावल्या विरुद्ध दिशांना पडतात आणि कारण उमगले नाही तरी डोळ्यांना खटकते. तोडगा म्हणून एक छबी उलटी करावी, तर कोटाची बटणे, केसांचा भांग आणि पदराचा खांदा यांच्या बाजू बदलतात. काचेच्या मोठ्या निगेटिव्हवरील प्रतिमा रेशमासारखी मऊ असते, तर लहान फिल्मवरील प्रतिमा वाढविली की तिचे कण भरड दिसू लागतात. तो पोत एकसारखा करावा लागतो. शिवाय नजरा जुळवाव्या लागतात, आणि हे सर्वांत अवघड, कारण दोन्ही माणसे मुळात कॅमेऱ्याकडे पाहत असतात, एकमेकांकडे नव्हे.

मृतांची संमती न घेता त्यांना असे हलविण्याचा अधिकार कोणाला, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. विशेषतः या घराच्या बाबतीत, कारण मारी आंत्वानेत यांनी १९४८ साली आत्महत्या केली, आणि तसबिरींतल्या सुखवस्तू शांततेत त्या दुःखाला कोठेच जागा मिळालेली नाही. माझे मत असे की जो मूळ सामग्री जिवापाड जतन करतो आणि जोड ही जोड म्हणूनच लोकांपुढे मांडतो, त्याला हा अधिकार पोहोचतो. विवान यांनी तो कमावला होता. अमृतेची पत्रे व लेखन त्यांनी सटीप संपादित करून २०१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. आजोबांच्या छायाचित्रांचेही पुस्तक काढले. ज्या हाताने दप्तर लावले त्याच हाताने त्यातून कल्पना उभी केली. त्यामुळे खरे काय आणि रचलेले काय, हे ज्याला हवे त्याला आजही पडताळून पाहता येते.

आपल्या घरच्या संग्रहावर असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनीही हीच शिस्त पाळावी. मूळ प्रतीला कात्री लावू नये. तिची स्कॅन प्रत काढून तिच्यावरच काम करावे, आणि मागची बाजूही स्कॅन करून ठेवावी, कारण स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव आणि कोणीतरी घाईने लिहिलेली तारीख तिथेच असते. घरातील वडीलधाऱ्यांना एकेक चेहरा दाखवून नावे उतरून घ्यावीत; कोण कोणाच्या शेजारी बसण्यास कधीच राजी नव्हते, हेही त्याच वेळी कळते, आणि बहुधा रचनेची पहिली कल्पना तिथेच सुचते. तयार झालेल्या जोडचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने ते केव्हा जोडले आणि कोणकोणत्या सालच्या छब्यांतून जोडले, एवढा मजकूर लिहून मगच ते पुढच्या पिढीच्या हाती द्यावे.