घरच्या घरी शिक्के : हौस, हात आणि थोडी सावधगिरी

माझ्या आईने ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. तिचे अक्षर असे की मुलांच्या वहीत तिने लिहिलेला ‘छान’ हा एक शब्दही पालक दोनदा पाहत. निवृत्तीनंतर तिने एक रीत ठेवली होती. घरातील प्रत्येक वाढदिवसाला हाताने लिहिलेले पत्र, आणि शेवटी ‘शुभाशीर्वाद’ या शब्दाशेजारी रेखाटलेली लहानशी समई. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तिच्या हाताला कंप सुरू झाला. पुढच्या वाढदिवसाला पत्र आले नाही. कोणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

हा कंप पार्किन्सनचा नव्हता. पार्किन्सनमध्ये हात बहुधा विसावलेला असताना थरथरतो आणि अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. आईचा हात मांडीवर स्वस्थ असे. कपबशी उचलताना किंवा लेखणी धरताना मात्र तो हलू लागे. वैद्यकात याला ‘एसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. वयपरत्वे हा अनेकांना होतो, औषधांनी काहींचा कमी होतो, काहींचा फारसा होत नाही. आपल्या घरात असे कोणी असेल, तर त्यांनी लिहिणे कधी सोडले हे आपल्याला आठवते का, हे एकदा मनाशी पडताळून पाहावे.

जुन्या कागदपत्रांत आईचे एक पत्र सापडले आणि त्यातून शिक्क्याची कल्पना निघाली. त्या पत्रातला तिचाच ‘शुभाशीर्वाद’, तिचीच समई, यांचा ठसा करायचा. बाजारातील तयार शिक्क्यांत हे मिळणारे नव्हते.

शिक्का मारणे आणि लिहिणे ही हाताच्या दृष्टीने अगदी भिन्न कामे आहेत. लिहिताना बोटांच्या बारीक स्नायूंना क्षणोक्षणी दिशा बदलावी लागते. शिक्का मारताना काम खांद्याचे आणि कोपराचे असते : एकदाच खाली यायचे, टेकायचे, दाबायचे, सरळ उचलायचे. टेकल्यावर हाताला खालून आधार मिळतो. तरीही टेकण्याच्या क्षणी ठसा सरकू शकतो. त्यासाठी आम्ही लाकडाच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडून घेतल्या. ती चौकट कागदावर ठेवायची, शिक्क्याचा ठोकळा तिच्या कोपऱ्याला लावायचा आणि मग खाली सोडायचा. कागदाखाली न सरकणारी रबरी चटई अंथरली. ठोकळ्याला कपाटाची जाड, गोल लाकडी मूठ बसवली, कारण संधिवाताने आखडलेल्या बोटांना पातळ दांडी धरवत नाही. ठोकळा थोडा जड असेल तर हात अधिक स्थिर राहतो. अर्धांगवायूनंतर हात दुर्बल झाला असेल, तर मुठीचा आकार आणि वजन आपल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांना विचारून ठरवावे. शिक्के मारल्याने कंप बरा होत नाही. तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता शिक्का कसा होतो ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी दंतवैद्याकडे पांढरे भरण करून घेतले असेल. मऊ लगदा दातात भरतात, वर निळा दिवा धरतात आणि काही सेकंदांत तो दगडासारखा होतो. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे तत्त्व तेच. फरक इतकाच की शिक्क्याचे रेझिन मधासारखे दाट द्रव असते, त्याला सहसा अतिनील प्रकाश लागतो आणि घट्ट झाल्यावर ते रबरासारखे लवचीक राहते. जिथे प्रकाश पोहोचला तिथे रबर, जिथे अंधार राहिला तिथे द्रव. सारी कला प्रकाश कुठे पोहोचू द्यायचा यात आहे.

त्यासाठी प्रथम निगेटिव्ह लागते. पारदर्शक फिल्मवर पार्श्वभूमी गडद काळी आणि अक्षरे कोरी, अशी ती छापून घ्यावी. छपाईच्या दुकानात हे सहज होते, मात्र काळा रंग खरोखर अपारदर्शक हवा. फिल्म डोळ्यांसमोर धरून दिव्याकडे पाहावे. काळ्यातून उजेड झिरपत असेल तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक ठेवाव्यात. अक्षरे उलटी छापायची का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उलटी छापू नयेत. सरळच छापावीत आणि शाईची बाजू रेझिनकडे येईल अशी फिल्म ठेवावी. शिक्का आपोआप उलटा होतो आणि ठसा सुलटा उमटतो.

देवनागरीला इथे एक सोय आहे आणि एक अडचणही. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे शब्द मजबूत होतो. पण अनुस्वाराचे टिंब एकटे असते आणि धुताना तेच आधी निखळते. आमच्या पहिल्या शिक्क्यातील समईची ज्योत अशीच वाहून गेली. रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठेवू नये आणि टिंबे थोडी फुगवूनच घ्यावीत.

मग काचेवर निगेटिव्ह, तिच्यावर पातळ पारदर्शक आवरण, भोवती दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फोमच्या चिकटपट्टीचा बांध, त्यात संथ धारेने ओतलेले रेझिन, बुडबुडे सुईने फोडून वर शिक्क्याच्या पाठीची फिल्म आणि त्यावर दुसरी काच. ही चळत चिमट्यांनी घट्ट धरतात. आधी पाठीकडून थोडा वेळ प्रकाश देतात, त्याने शिक्क्याचा तळ तयार होतो. नंतर चळत उलटून निगेटिव्हमधून त्याहून बराच अधिक वेळ. पाठीला जास्त प्रकाश दिला तर तळ जाड होतो आणि अक्षरे उथळ राहतात. पुढून कमी दिला तर बारीक रेघा टिकत नाहीत. नेमका वेळ दिव्यावर आणि रेझिनवर अवलंबून असतो, म्हणून बाटलीसोबतच्या पत्रकातील आकडे घेऊन आधी एका लहान तुकड्यावर चाचणी करावी. जेल नेलपॉलिशचा दिवाही अनेक रेझिनांना चालतो. तोच दिवा या रेझिनला चालेल का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

यानंतर काच काढून उरलेले द्रव निथळू द्यावे आणि शिक्का कोमट पाण्यात भांडी घासण्याचे द्रव घालून मऊ ब्रशने हलके धुवावा. धुतल्यावरही तो किंचित चिकट लागतो. हवेतील प्राणवायू पृष्ठभागावरील रेझिनला घट्ट होऊ देत नाही, म्हणून काचेच्या भांड्यात पाण्याखाली बुडवून त्याला पुन्हा प्रकाश देतात. पाणी हवा अडवते, प्रकाश अडवत नाही. या शेवटच्या पायरीला कंटाळून कोणी फाटा देते आणि मग चिकट शिक्का हाताळत राहते. आरोग्याच्या दृष्टीने हीच पायरी सर्वांत महत्त्वाची.

कारण घट्ट झालेले रेझिन सामान्यतः त्रास देत नाही, कच्चे देते. त्यात ॲक्रिलेट जातीची रसायने असतात आणि ती त्वचेची ॲलर्जी निर्माण करण्यात वाकबगार आहेत. अमेरिकेतील कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१२ साली ॲक्रिलेटांनाच ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवले होते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये नखांच्या घरगुती जेलबाबत सावधगिरीचा इशारा दिला तो याच कारणाने.

मला हे वाचून नव्हे, भोगून कळले. पहिले दोन शिक्के मी उघड्या हातांनी केले. काही झाले नाही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या दिवशी बोटांची टोके खाजू लागली, बारीक फोड आले, मग कातडी तडकली. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येई. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली आणि निदान सांगितले. ही ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला दिसत नाही. शरीर तिची ओळख आधी मनात धरते आणि नंतर, एकदा जडली की, ती सहसा जन्मभर राहते. दातांचे पांढरे भरण, कृत्रिम सांध्यासाठी वापरले जाणारे हाडांचे सिमेंट, या सगळ्यांत याच कुळातील रसायने असतात. मधुमेहींच्या दंडावर लावतात त्या काही ग्लुकोज सेन्सरांमधील आयसोबोर्निल ॲक्रिलेटने ॲलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्या वयात गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा असा सेन्सर दारात उभा असतो, त्या वयात हौसेपायी ही ॲलर्जी ओढवून घेणे परवडणारे नाही. ज्यांना ती आधीच आहे, त्यांनी दंतवैद्यांना आणि शल्यचिकित्सकांना ती आवर्जून सांगावी.

म्हणून घरात कामाची वाटणी अशी असावी : ओले रेझिन घरातील धडधाकट, तरुण माणसाने हाताळावे, ज्येष्ठांनी अक्षर निवडावे, चित्र काढावे, घट्ट झालेला व धुतलेला शिक्का ठोकळ्यावर बसवावा आणि अर्थातच ठसे उमटवावेत. याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. दिवसाच्या उजेडात रेझिन घट्ट होऊ लागते, त्यामुळे हे काम पडदे ओढून मंद पिवळ्या दिव्यात करावे लागते आणि सत्तरीतल्या डोळ्यांना नेमका भरपूर उजेड हवा असतो.

काम करणाऱ्याने नायट्राइलचे हातमोजे घालावेत. पातळ हातमोज्यातूनही ॲक्रिलेट काही मिनिटांत आत शिरते, म्हणून रेझिन लागताच मोजा बदलावा, पुसून पुढे चालू ठेवू नये. त्वचेला लागलेच तर साबण व थंड पाण्याने धुवावे. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नये, त्याने रेझिन अधिक पसरते आणि अधिक आत जाते. खिडकी उघडी असावी. दमा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी त्या खोलीत थांबू नये. स्वयंपाकघर आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला वर्ज्य. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती घरात असेल तर बाटली कुलपातच हवी. मधासारखे दिसणारे द्रव कोणी चाखून पाहील, हे अशक्य नाही. धुवणाचे पाणी मोरीत ओतू नये. ते उघड्या बादलीत उन्हात ठेवावे, घट्ट झालेला गाळ गाळून कचऱ्यात टाकावा.

दिव्याविषयीही सांगायला हवे. अतिनील दिवा डोळ्याला मंद जांभळा दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तो बंद खोक्यातच लावावा, त्याकडे पाहू नये. मोतीबिंदूनंतर बसवलेली बहुतेक आधुनिक भिंगे अतिनील किरण अडवतात, पण ती काही दिव्याकडे टक लावण्याची परवानगी नव्हे. रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमायोडॅरोन, प्रतिजैविकांतील डॉक्सिसायक्लिन, अशा औषधांनी त्वचा प्रकाशाला अधिक संवेदनशील होते. ती चालू असतील तर दिव्यापासून दूरच राहावे.

एवढा खटाटोप नको असेल, किंवा घरात मदतीला तरुण माणूस नसेल, तर रेझिनचा हट्ट धरू नये. निगेटिव्ह घेऊन रबरी शिक्के करणाऱ्या दुकानात जावे. अनेक दुकानांत याच पद्धतीने शिक्के होतात आणि आपले हस्ताक्षर दिले तर तेही करून देतात. खोडरबर कोरून, फोमची पट्टी कापून पुठ्ठ्यावर चिकटवून, नाही तर शाळेत करत होतो तसे भेंडीच्या आडव्या कापाने फुले छापूनही बैठक रंगते. नातवंडांना भेंडीच अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा. हात थरथरतो, सही जुळत नाही, बँकेतून धनादेश परत येतो, म्हणून आई-वडिलांच्या सहीचाच शिक्का करून घेण्याची कल्पना घरोघरी निघते. आमच्याही घरी निघाली होती. शुभेच्छापत्रावरचा शब्द वेगळा आणि सही वेगळी. सहीचा शिक्का ज्याच्या हाती, तो ती सही करणारा. आणि त्याची गरजही नाही. सही करू न शकणाऱ्या वृद्ध, आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल तर साक्षीदारांसमोर केलेली खूणही ग्राह्य धरता येते. शाखेत जाऊन ही सोय मागावी. अडवणूक झाली तर सूचनेचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा.

शिक्का टिकवायचा तर शाई पाण्यात विरघळणारी घ्यावी, वापरानंतर सौम्य साबणाने धुवावा आणि उन्हापासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावा. उन्हाने तो पिवळा पडतो आणि पुढे तडकतो.

आईच्या पत्रांना आता वर्ष झाले. मजकूर ती सांगते, माझा भाचा लिहून घेतो आणि शेवटी चौकट लावून ती समईसह ‘शुभाशीर्वाद’ उमटवते. ज्योत दुसऱ्या खेपेला नीट आली. परवा तिने आणखी एक शिक्का मागितला आहे, ‘पुन्हा लिही’ असा, तोही लाल शाईसाठी. भाच्याचे ऱ्हस्व-दीर्घ तिला पसंत नाही.