अलास्कात गाइडशिवाय अस्वलाची शिकार: नियम काय सांगतात?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात परवाना आणि टॅग घेऊन काळ्या अस्वलाची शिकार करता येते. बाहेरच्या राज्यांतल्या अमेरिकन नागरिकांना त्यासाठी गाइडची सक्ती नाही, म्हणून अनेक जण स्वतःच बेत आखतात. भारतातून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र गाइड घ्यावाच लागतो.

छोट्या विमानाने जंगलात उतरल्यास सर्वसाधारणपणे दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच शिकारीला परवानगी असते.

खरी कसोटी गोळी झाडल्यानंतर. १ जानेवारी ते ३१ मे या काळात खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं बेकायदा आहे. या मांसात ट्रिकिनेला कृमी असू शकतात. गोठवूनही ते मरतीलच असं नाही, त्यामुळे मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवावं लागतं.

म्हणून आधी हिशोब करा: एवढं मांस वाहून आणणार कसं?