खेळ तोच, पडदा निराळा

घरगुती संगणकाचा इतिहास लिहिताना प्रोसेसर आणि मेमरीची चर्चा भरपूर होते, पडदा मात्र मागे राहतो. खरं तर एखादा खेळ चालेल का आणि चाललाच तर कसा दिसेल, हे कितीतरी वेळा पडद्यावरच ठरत असे.

१९७७च्या अ‍ॅपल टूपासूनच हे दिसतं. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी महागडी रंगयंत्रणा टाळली आणि अमेरिकेतल्या एनटीएससी टीव्हीच्या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. ठिपके ठरावीक अंतराने मांडले की टीव्ही त्यांना रंग समजे. पाल या वेगळ्या टीव्ही-पद्धतीच्या देशांत ही युक्ती लागू पडेना. म्हणून युरोपसाठीच्या युरोप्लसला रंगांसाठी वेगळं कार्ड घ्यावं लागे.

१९८१मध्ये आयबीएम पीसी आला तो दोन पर्याय घेऊन. एमडीए कार्डावर अक्षरं रेखीव उमटत, पण चित्र काढण्याची सोयच नव्हती. सीजीएवर चित्रं निघत, पण ३२० बाय २०० ठिपक्यांत एका वेळी चारच रंग. त्याच्या ६४० बाय २०० या दोनरंगी पद्धतीत मात्र वॉझ्नियॅक यांचीच युक्ती पुन्हा कामी आली. कंपोझिट तारेने टीव्ही जोडला की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून अनेक रंग उमलत. तोच खेळ आरजीबी मॉनिटरवर लावला की आकाश, गवत, पाणी या सगळ्यांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा! दोष ना खेळाचा होता, ना मॉनिटरचा. चित्रकाराने रंगवलं होतं दुसऱ्याच पडद्यासाठी.

१९८२मध्ये हर्क्युलिस कार्ड आलं. व्हॅन सुवन्नुकुल यांना पीसीवर थाई लिपी हवी होती, त्या गरजेतून ते घडलं. एकरंगी मॉनिटरवर ७२० बाय ३४८ ठिपक्यांची चित्रं मिळू लागली. पण सीजीएसाठी लिहिलेले खेळ त्यावर थेट चालत नसत. मग सिमसीजीएसारखे छोटे प्रोग्रॅम आधी चालवून हर्क्युलिसला सीजीएचं सोंग घ्यायला लावलं जाई. आपल्याकडेही एकरंगी पडद्याचे पीसी पुष्कळ होते, त्यामुळे ही खटपट इथल्या हौशींच्याही ओळखीची.

पुढे १९८४मध्ये ईजीए आणि १९८७मध्ये व्हीजीए आलं. व्हीजीएवर एका वेळी २५६ रंग मिळू लागले, तरी जुनी कार्डं घरोघरी होतीच. म्हणून १९९०च्या डॉसवरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने व्हीजीएबरोबर ईजीए, सीजीए आणि हर्क्युलिसचीही सोय ठेवली. साध्या पडद्यासमोर बसलेल्या मुलालाही राजपुत्राची उडी दिसावी, एवढी काळजी त्यामागे होती. मला तिचं फार मोल वाटतं.

आज डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये यातलं कोणतं कार्ड हवं ते निवडता येतं. पण कोणतं निवडायचं, हे ठाऊक असायला हवं. म्हणून जुन्या खेळाची फाइल जपणं हे निम्मंच काम आहे. तो कोणत्या पडद्यासाठी रचला होता, याची नोंदही प्रत्येक संग्रहात हवी. ती नसेल तर पुढची पिढी त्या चित्रकारांचे रंग न पाहताच त्यांना अडाणी ठरवील.