दोनशे छप्पन टन गारीगार

पुणे–हैदराबाद महामार्गावर, बसवकल्याण तालुक्यातलं राजेश्वर. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर दख्खनी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिन्ही भाषांतली पोरं एकाच डब्याभोवती गोळा होतात. कुणाला साधी गारीगार हवी असते, कुणाला नळीतली पेप्सी. खिशात जरा जास्त पैसे असतील तर मँगो डॉली, म्हणजे बाहेर आंब्याच्या रसाचं कवच आणि आत मऊ, पांढरं आइसक्रीम. हे सगळं पोटात गेल्यावर अंगाला नक्की काय लागतं, याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला, तर आकडे ग्रॅमच्या अंशापासून लाखो कोटींपर्यंत धावतात.

सोप्या आकड्यापासून सुरुवात करू. 2011 च्या जनगणनेत राजेश्वरच्या बीदर जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाख 3 हजार होती आणि शेजारच्या कलबुर्गीची 25 लाख 66 हजार. दोन्ही मिळून 42 लाख 69 हजार. उन्हाळ्यातल्या एका दुपारी यातल्या प्रत्येकाने 60 ग्रॅमची एकच गारीगार खाल्ली, तर 256 टन बर्फाचा फडशा पडतो. 1833 साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं होतं. चार महिन्यांच्या प्रवासात निम्म्याच्या जवळपास वितळून शंभरेक टन उरला, तरी कलकत्त्यात केवढं अप्रूप! आपल्या दोन जिल्ह्यांना तो बर्फ दुपारच्या जेवणापर्यंतही पुरला नसता.

आता साखर. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे बर्फाच्या कांडीत निदान 10 टक्के साखर हवीच. म्हणजे 60 ग्रॅमला 6 ग्रॅम, आणि दोन जिल्ह्यांच्या त्या एका दुपारसाठी साडेपंचवीस टन. हुमनाबादजवळच्या हळ्ळीखेडला सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे या भागात उसाची भाषा सगळ्यांना कळते. साखरेचा उतारा दहा टक्क्यांच्या आसपास धरला तर साडेपंचवीस टन साखरेला साधारण 256 टन ऊस गाळावा लागेल. म्हणजे जेवढ्या वजनाची गारीगार, तेवढ्याच वजनाचा ऊस. हा निव्वळ दोन दहा-टक्क्यांचा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

प्रत्यक्षात दहा टक्क्यांवर कुणी थांबत नाही. थंड जिभेला गोड कमी लागतं, म्हणून बनवणारा हात सैल सोडतो. वितळून कोमट झालेली गारीगार पिऊन पाहा, घशाला मिठी बसेल इतकी गोड लागते.

आणि तो जुना खेळ आठवा. कांडी तोंडात धरून जोरात चोखायची, की रंग नि गोडी सगळी जिभेवर येते आणि काडीला बेचव पांढरा बर्फ उरतो. पाणी गोठताना स्फटिकात फक्त पाण्यालाच जागा देतं. साखर, रंग, आंबटपणा सगळं बाहेर ढकललं जातं आणि स्फटिकांमधल्या बारीक फटींत दाट पाक होऊन बसतं. उणे 10 अंशांवरही 60 ग्रॅमच्या कांडीत साधारण 11 ग्रॅम पाक न गोठलेलाच असतो. पोरं नेमका तोच ओढून घेतात. आहारशास्त्राच्या दृष्टीने गारीगारमधलं जे काही ‘अन्न’ आहे ते त्या 11 ग्रॅमांत संपलं; बाकी 49 ग्रॅम पाणी.

कॅलरीचा एक गमतीदार घोटाळा इथेच उरकून टाकू. उणे 10 अंशांचा 60 ग्रॅम बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला सुमारे 7,300 कॅलरी उष्णता लागते, आणि 6 ग्रॅम साखरेतून मिळतात 24 कॅलरी. मग काय, गारीगार खा आणि बारीक व्हा! पण वेष्टनावरची कॅलरी ही किलोकॅलरी असते, म्हणजे भौतिकशास्त्राच्या कॅलरीच्या हजारपट. खरा हिशेब 24 मिळाल्या, 7 गेल्या असा. नफा 17 चा. वजन कमी करण्याची ही युक्ती एका हजाराच्या चुकीवर उभी आहे.

डॉलीच्या आतल्या पांढऱ्या भागाकडे वळलं की आकडे खरे उधळतात. आइसक्रीम हे मुख्यतः घोटलेली हवा असते, असं म्हटलं तर दुकानदाराला राग येईल, पण नियमच तसा आहे. एक लिटर आइसक्रीमचं वजन 525 ग्रॅमपेक्षा कमी नसावं, एवढीच अट. म्हणून खोक्यावर मिलिलिटर मोठ्या अक्षरात छापतात. नियमाच्या काठावरच्या 100 मिलिलिटर कपात जवळजवळ 52 मिलिलिटर हवा असते. बुडबुडा 40 मायक्रॉनचा धरला, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सा, तर एका कपात 156 कोटी बुडबुडे भरतात. भारताची लोकसंख्या आज 146 कोटींच्या आसपास आहे. माणशी एक बुडबुडा वाटला तरी दहा कोटी शिल्लक राहतील.

स्निग्धांश याहून अफाट. नियमाप्रमाणे 10 टक्के दुधाचा स्निग्धांश हवा, म्हणजे त्या कपात सव्वापाच ग्रॅम. दूध दाबाखाली बारीक फटीतून काढून त्यातले स्निग्ध कण फोडतात, तेव्हा त्यांची जाडी एक मायक्रॉनवर येते. तेवढ्या आकाराचे किती कण झाले? सुमारे 11 लाख कोटी. या सगळ्यांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर 34 चौरस मीटर भरतो, मुंबईतल्या वन-रूम-किचनएवढा. सव्वापाच ग्रॅम तुपाने अख्ख्या घराची फरशी सारवावी, तसा हा प्रकार. जिभेला जे ‘मलईदार’ वाटतं ते या पसरलेल्या पृष्ठभागामुळे आणि बर्फाचे कण बारीक राहिल्यामुळे. स्फटिक 50 मायक्रॉनच्या पुढे गेले की तेच आइसक्रीम खरखरीत लागतं. वीज जाऊन आली की राजेश्वरच्याच काय, कुठल्याही गावच्या डीप-फ्रीजमधला माल असा होतो. बारीक स्फटिक वितळतात आणि पुन्हा गोठताना ते पाणी मोठ्यांना जाऊन चिकटतं.

मलई म्हणजे पोषण, हा समज मात्र इथे पार आपटतो. डॉलीत आतला भाग 30 मिलिलिटरचा धरू. हवेमुळे त्याचं वजन 16 ग्रॅमच्या आसपास. साडेतीन टक्क्यांनी प्रथिनं अर्धा ग्रॅमच्या थोडी वर. 65 किलोच्या पुरुषाला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या डॉलीवर भागवायचं म्हटलं तर जवळजवळ शंभर डॉली. त्यापेक्षा तुरीच्या वरणाची वाटी बरी, आणि तूर तर कलबुर्गीची!

फळाचं काय? समजा संत्र्याच्या कांडीत खरोखर 10 टक्के रस आहे, म्हणजे 6 ग्रॅम. त्यातून क जीवनसत्त्व मिळेल 3 मिलिग्रॅम. पुरुषाची रोजची गरज 80 मिलिग्रॅम धरतात, त्याला 27 कांड्या लागतील. त्यांच्याबरोबर किमान 162 ग्रॅम साखर पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास सांगते, जमल्यास 25. तेच 80 मिलिग्रॅम दीडशे ग्रॅम सोललेल्या संत्र्यात बसतात, आणि चोथा वर फुकट. अर्थात चित्रात संत्र्याची फोड कितीही रसरशीत असली, तरी घटकांच्या यादीत रस कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव बहुतेक पाण्याचं निघतं, दुसरं साखरेचं.

डॉलीच्या वेष्टनावरच्या अशाच यादीत ‘वनस्पती तेल’ दिसलं, तर हातात आइसक्रीम नसून फ्रोझन डेझर्ट आहे. स्निग्धांशाची 10 टक्क्यांची आणि वजनाची 525 ग्रॅमची अट त्यालाही तीच, ऊर्जाही तीच, ग्रॅमला 9 किलोकॅलरी. कण फोडण्याचं यंत्र दूध आणि पामतेल असा भेद करत नाही. 11 लाख कोटी कण तेलाचेही होतात आणि जीभ सहज फसते. टाळू मात्र कधी कधी ओळखते. तेल चढ्या वितळबिंदूचं असेल, तर डॉली संपल्यावर मेणासारखा पातळ थर तिला चिकटून राहतो आणि गार पाण्याने चूळ भरली तरी निघत नाही.