पुरुषाच्या छातीतील गाठ : नाव आणि निदान

मराठी व्यवहारात पुरुषास ‘छाती’ असते, ‘स्तन’ नसतो. शरीररचना हा भेद मानीत नाही. पुरुषाच्याही स्तनाग्रामागे नलिकांचे अल्प जाळे असते. दूध निर्माण करणाऱ्या खंडिका मात्र बहुधा नसतात. म्हणूनच स्त्रियांत वारंवार आढळणारा फायब्रोअ‍ॅडिनोमा पुरुषांत अतिविरळ होय.

पुरुषातील बहुतेक गाठी खऱ्या अर्थाने अर्बुदे नसतातच. स्तनाग्राच्या थेट मागे रबरासारखी, बहुधा दुखरी चकती लागली, तर ती सामान्यतः गायनेकोमास्टियाची असते. वयात येणे, वार्धक्य, यकृताचा विकार किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध ही तिची कारणे. याउलट गाठ एका बाजूस, कठीण व न दुखणारी असेल, स्तनाग्र आत ओढले जात असेल किंवा रक्तमिश्रित स्राव असेल, तर कर्करोगाची शंका घ्यावीच लागते. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का पुरुषांत आढळतो.

या दोहोंमध्ये खरी अडचण करते ते मायोफायब्रोब्लास्टोमा. १९८७ साली वॉर्गोट्झ, वाइस व नॉरिस यांनी या नावाने वर्णिलेले हे अर्बुद घट्ट, सरकणारे, सावकाश वाढणारे व बहुधा वेदनारहित असते. मॅमोग्राफी व सोनोग्राफीत त्याची कड रेखीव दिसते. पण तेवढ्यावर निर्णय होत नाही. जाड सुईने ऊतीचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यात चात्याच्या आकाराच्या पेशी व कोलॅजनचे पट्टे दिसतात, आणि सीडी-३४ व डेस्मिन या चाचण्या बहुधा होकारात्मक येतात. त्याचा एक प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली खंडिकीय कर्करोगासारखा भासतो. तेथे घोटाळा झाल्यास ज्या रोग्याची केवळ गाठ काढणे पुरेसे होते, त्याचा सबंध स्तन विनाकारण काढला जातो.

हे निदान रोग्यास सांगावयाचे कोणत्या शब्दांत? १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी नांदतात. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवरी-सालेकशाचा रोगी तेथे येतो तो ‘गाठ’ हा एकच शब्द घेऊन. ग्रंथांतील पर्यायही निर्दोष नाहीत. सुश्रुताने ‘ग्रंथि’ व ‘अर्बुद’ एकाच अध्यायात वर्णिले. आज ‘ग्रंथी’ म्हणजे ग्लँड, आणि ‘अर्बुद’ तर पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी उच्चारीत नाही. त्याहून फसवा शब्द ‘सौम्य’. वैद्यकात तो रोगाची जात सांगतो. बोलण्यात मात्र ‘सौम्य ताप’ म्हणजे थोडा ताप. तेव्हा ‘सौम्य अर्बुद’ ऐकणारा ‘थोडा कॅन्सर’ असा अर्थ घेण्याचा संभव असतो. त्यापेक्षा ‘ही गाठ कॅन्सरची नाही, काढल्यावर ती क्वचितच परत येते’ असे सांगणे अधिक अचूक. आणि तपासणीच्या वेळी पुरुषास ‘स्तनात गाठ आहे काय’ असे न विचारता ‘छातीवर, बोंडीमागे काही लागते काय’ असे विचारावे.